बीटचा रेट

"बाबा, बिटरेट पडून राहिला!"

रात्री नऊला चिरंजीवांच्या खोलीतून ही आरोळी आली तेव्हा मी टीव्हीसमोर होतो आणि आमची ही स्वयंपाकघरात. तिने ओट्यापाशी उभ्या उभ्याच उत्तर दिलं, "पडू दे! मागच्या रविवारी सुपेल्याच्या बाजारातून मी चाळीसने आणले. अन् आतून लाकूड निघाले."

"चाळीस?" मी म्हणालो. "दुर्गला तीस होते."

"मग आणायचे होते दुर्गहून. कोणी हात धरला होता?"

पुढची पाच मिनिटं भिलाईतल्या आमच्या हुडको वसाहतीतल्या घरात बीट या कंदमुळावर सविस्तर चर्चा झाली. तीत कोशिंबीर आली, माझं हिमोग्लोबिन आलं, हिच्या माहेरी नागपूरला बीट कसे किसत, तेही आलं. शेवटी चिरंजीव दारात येऊन उभे राहिले. कानांवर भलेमोठे हेडफोन आणि चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा.

"बीट नाही, बिटरेट. आणि हे सगळं लाइव्ह जाऊन राहिलं."

"काय जातंय?"

"तुम्ही दोघं."

इथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. चिरंजीव इंजिनियर आहेत. भिलाईत हे वेगळं सांगावं लागत नाही. मुलगा इंजिनियर नसेल तर तेवढं सांगावं लागतं. मी तेहेतीस वर्षं रोज स्टील प्लांटच्या बोरिया गेटमधून आत गेलो. हे गेली तीन वर्षं 'गेट'ची परीक्षा देताहेत आणि अजून बाहेरच उभे आहेत. बाहेर उभा राहिलेला माणूस वेळ घालवायला काहीतरी करतोच. मी पानठेल्यावर उभा राहायचो, हे लाइव्ह स्ट्रीमिंग करतात. म्हणजे आपण मोबाइलवर बंदुकांचा खेळ खेळायचा, मोबाइल कॉम्प्युटरला जोडायचा आणि आपण कसं मरतो ते जगाला दाखवायचं.

या खेळाशी माझं जुनं वैर. 2020 च्या सप्टेंबरात सरकारने पबजीवर बंदी घातली तेव्हा मी सिविक सेंटरहून अर्धा किलो पेढे आणले होते. पुढल्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय हे नाव घेऊन परत आला. 2022 च्या जुलैत तोही ॲपच्या दुकानांतून काढला गेला. मी पुन्हा पेढे आणले, पण या खेपेला पाव किलोच. माणूस अनुभवाने शिकतो. 2023 च्या मे महिन्यात खेळ परत आला तेव्हा पेढे चिरंजीवांनी आणले. मी खाल्ले. चांगले होते.

माझा विरोध खरा मावळला 2024 च्या एप्रिलात. पंतप्रधानांनी देशातल्या काही गेमर मंडळींना बोलावून त्यांच्याशी गप्पा मारल्या, त्यांच्याबरोबर खेळूनही पाहिलं. चिरंजीवांनी तो व्हिडिओ आम्हाला समोर बसवून दाखवला. हे मिथिलेश पाटणकर, ही छिंदवाड्याकडची पायल धारे. 'पाटणकर' ऐकताच आमची ही विरघळली. "म्हणजे आपल्यातलेच! अन् छिंदवाडा तर काय, नागपूरच्या डोक्यावर." त्या दिवसापासून रात्री नऊ ते अकरा घरात मिक्सर लावायचा नाही असा नियम झाला. माझ्या नाइट शिफ्टनंतरच्या झोपेसाठी हा नियम तेहेतीस वर्षांत एकदाही झाला नव्हता, हे मी फक्त नोंदवून ठेवतो.

चिरंजीवांचे प्रेक्षक सात. त्यातला एक त्यांचाच जुना फोन, चित्र नीट जातंय का ते पाहायला. एक आमचा टीव्ही, ज्याच्यासमोर बातम्या संपल्या की मला बसवलं जातं. एक हिचा मोबाइल, कणकेच्या डब्याला टेकवलेला. एक नागपूरच्या आत्याबाई. थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस सेकंद लागतात, त्यामुळे चिरंजीव पाठीत गोळी लागून आडवे झाले, की बऱ्याच वेळाने आत्याबाईंचा संदेश येतो : "मागे बघ, मागे!" आणि त्याखाली : "जेवलास का रे?" उरलेले तीन कोण, याचा शोध लागलेला नाही.

तर बिटरेट. चित्राचे आणि आवाजाचे शून्य-एक करून ते दर सेकंदाला किती पाठवायचे, तो बिटरेट. एवढं सांगून चिरंजीव "तुम्हाला नाही समजायचं" म्हणणार होते. पण मी रेल मिलच्या डिस्पॅचचा माणूस. इकडे 260 मीटर लांबीचे रूळ तयार होऊन पडलेत आणि तिकडे रेक अजून लागायची आहे, यात माझी हयात गेली. नेटचा रस्ता अरुंद असला की कॉम्प्युटरात तयार चित्रांचा असाच ढीग साचतो. आम्ही रूळ फेकून देत नव्हतो, एवढाच फरक. कॉम्प्युटर सरळ फेकतो, आणि किती फेकले ते खालच्या कोपऱ्यात निर्लज्जपणे मोजून दाखवतो : ड्रॉप्ड फ्रेम्स, अठरा टक्के. शेजारी एक चौकोन असतो. सगळं ठीक असलं तर हिरवा, मग पिवळा, मग लाल.

"अरे, हे तर डिस्पॅच आहे!" मी ओरडलो. "माल तयार आहे, रेक नाही!"

तीन वर्षांत पहिल्यांदाच पोराच्या आयुष्यातली एखादी गोष्ट माझ्या खात्यात आली होती. मी ती सोडणार नव्हतो.

आणखी काही गोष्टी समजून घेतल्या. सीबीआर म्हणजे दर सेकंदाला ठरलेले तेवढेच बिट, म्हणजे पेन्शन. व्हीबीआर म्हणजे कधी जास्त कधी कमी, म्हणजे इन्सेंटिव्ह. थेट प्रक्षेपणाला पेन्शनच बरी. आणि कीफ्रेम म्हणून एक प्रकार असतो : दर दोन सेकंदांनी एक संपूर्ण चित्र पाठवायचं, आणि मधल्या वेळात फक्त काय बदललं तेवढंच. सगळं चित्र सारखं सारखं पाठवलं तर रस्ता तुंबतो. हे मी हिला समजावून सांगत होतो. सुरुवात अर्थातच 1959 पासून केली, कारण त्या वर्षी 4 फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईची पहिली भट्टी सुरू केली आणि माझे वडील भंडाऱ्याहून ट्रंक घेऊन इथे उतरले. ही म्हणाली, "म्हणजे तुमच्या बोलण्यात सगळे कीफ्रेमच आहेत. मधलं कधी येणार?"

भिलाईत बिघाड हा एकट्याने दुरुस्त करायचा विषय नाही. मी कमिटी बसवली. शेजारचे बंगाली बाबू इलेक्ट्रिकलमधून निवृत्त झालेले, समोरचे केरळी साहेब इन्स्ट्रुमेंटेशनचे, कोपऱ्यावरचे शुक्लाजी नसतील तर मिश्राजी असतील असे एक गृहस्थ ब्लास्ट फर्नेसचे, आणि अकाउंट्समधले एक, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पहिली बैठक बुधवारी, पोहे आणि चहासह. चिरंजीवांना जागेवरून उठवून खुर्चीमागे चौघे उभे राहिले.

बंगाली बाबू म्हणाले, अर्थिंग पाहा. त्यांच्या हयातीत त्यांनी पाहिलेला प्रत्येक बिघाड अर्थिंगचा होता; थोरल्या जावयाबद्दलही त्यांचं तेच मत आहे. केरळी साहेब म्हणाले, आकडा लाल दाखवतोय म्हणून घाबरू नका, आधी आकडा दाखवणाराच तपासा. भट्टीवाले म्हणाले, गार धातू वाहत नाही, यंत्र आधी तासभर तापू द्या. आम्ही कॉम्प्युटर तासभर तापवला. तो इतका तापला, की पडद्यावर नवीनच ओळ आली : आता फ्रेम नेटमुळे नव्हे, एन्कोडर मागे पडल्यामुळे गळत होत्या.

"कारण बदललं," भट्टीवाले समाधानाने म्हणाले. "याला प्रोग्रेस म्हणतात."

अकाउंट्सवाल्यांनी एवढंच विचारलं, "पण याचे मिळतात किती?" खोलीत शांतता पसरली. त्यांना पुढच्या बैठकीचा निरोप गेला नाही.

मग मी मोजमाप हाती घेतलं. आमचं कनेक्शन गल्लीतल्या केबलवाल्याचं, पन्नासचा प्लॅन. मी एक फाइल उतरवून पाहिली तर वेग सहा. सरळ फोन लावला. "पन्नास सांगून सहा देता?"

"अंकल, प्लान मेगाबिट में है, आप मेगाबाइट देख रहे हो. आठ से गुणा करो."

सहा आठे अठ्ठेचाळीस. पाढ्यापुढे काय बोलणार? "दोन कमी आहेत," एवढं म्हणून फोन ठेवला.

पण खरी गंमत पुढे होती. पन्नास हा येण्याचा वेग. जाण्याचा वेग पाच. या भिलाईने देशभर रूळ पाठवले, आणि माझ्या घरात येणारा रस्ता हमरस्ता अन् जाणारी पायवाट! त्या पायवाटेवरून चिरंजीव किती पाठवत होते? सहा हजार केबीपीएस. म्हणजे सहा. कोण्या परदेशी पोराने व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून.

"अंथरूण पाच फुटी, पाय सहा फुटी," मी म्हणालो. "आणि तू इंजिनियर."

चिरंजीवांनी मुकाट्याने आकडा अडीच हजारांवर आणला, चित्रही 1080 वरून 720 केलं. रस्त्याच्या निम्म्यातच भागवायचं, बाकी मोकळं ठेवायचं. चौकोन हिरवा झाला. मी कमिटीला फोन करून यश कळवलं. दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी चौकोन लाल.

आता मी ईर्ष्येला पेटलो. राउटर बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या फळीवर होता, चिरंजीव दोन भिंती पलीकडे. वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच मायक्रोवेव्हही काम करतो आणि चालू असला की वाय-फायच्या बोलण्यात तोंड घालतो, हे कुठेतरी वाचलं. रात्री नऊला मायक्रोवेव्हमध्ये काय असतं? माझं हळदीचं दूध. ते बंद झालं. दूध गॅसवर तापू लागलं, उतू जाऊ लागलं, आणि त्याचा दोषही बिटरेटला न जाता मला जाऊ लागला. राउटर उचलून उंचावर ठेवला, म्हणजे देवघरावर. त्या आठवड्यात नेमकी विश्वकर्मा पूजा आली. 17 सप्टेंबरला या गावात हार न घातलेलं यंत्र सापडत नाही. हिने राउटरला हळदीकुंकू लावून झेंडूचा ओला हार घातला. बिटरेट शून्य. पण हार विश्वकर्म्याचा असल्यामुळे तो काढायला दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी धजेना.

शेवटी तार टाकायचं ठरलं. आकाशगंगा मार्केटातून वीस मीटर लॅनची केबल आणली. भिंतीला भोक पाडताना ड्रिल पलीकडे हिच्या मसाल्याच्या कपाटात निघालं. गोडा मसाल्याचं मी बोलत नाही. केबल दारातून न्यावी लागली, तिच्यावर मी पिवळी-काळी पट्टी चिकटवली आणि 'सावधान' लिहिलं, कारण सेफ्टी फर्स्ट. ती पट्टी वाचायला वाकलेल्या केरळी साहेबांची कंबर धरली. दार लागलं की केबल चिमटते, म्हणून दार उघडं. दार उघडं म्हणून टीव्हीचा आवाज आत. म्हणून मी टीव्ही बघायचा तो आवाज बंद करून. बातम्या तशा पाहिल्या तर बऱ्या वाटतात, एवढा एक फायदा झाला.

आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी चौकोन लाल.

केबलवाल्याने माणूस पाठवला. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, गळ्यात तारेचं भेंडोळं. त्याने दोन मिनिटं यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाला, "लाइन तो बने हे बबा. घर म कोनो अउ चलावत होही." घरात आणखी कोणीतरी चालवत असेल! आम्ही कमिटीचे लोक एकमेकांकडे पाहून हसलो. आमचा मिळून अनुभव सव्वाशे वर्षांचा. त्याला पाणी पाजून वाटेला लावलं.

दरम्यान मी एक मोठा शोध लावला होता. चिरंजीव खेळात मोकळ्या मैदानात असले, की चित्र बरं असायचं. शत्रूपासून लपायला गवतात आडवे झाले, की पडद्यावर नुसता हिरवा चिवडा. कारण साधं आहे. मधल्या वेळात फक्त 'काय बदललं' तेवढं पाठवायचं असतं ना? भिंत बदलत नाही. गवताचं प्रत्येक पातं वाऱ्यावर हलतं, आणि प्रत्येक पात्याचा हिशेब पाठवावा लागतो. पाऊस, धूर, झाडाची पानं, सगळी बिट खाणारी जात. मी लगेच सूचना दिली, "गवतात जायचं नाही. भिंतीपाशी उभं राहायचं. पांढरी भिंत असली तर उत्तम."

"बाबा, भिंतीपाशी सगळ्यांना दिसतो मी."

"दिसायलाच तर बसलास ना?"

त्या रात्री चिरंजीव एका चुना लावलेल्या घराच्या भिंतीला पाठ लावून, अजिबात न हलता उभे राहिले. शत्रू येईपर्यंत साधारण चाळीस सेकंद. चित्र इतकं स्वच्छ होतं, की भिंतीवरचा ओरखडासुद्धा दिसत होता. गोळी कुठून आली, कुठे लागली, ते तर अगदी आरसपानी. आत्याबाईंनी लिहिलं : "आज छान दिसलास."

मी तोवर रजिस्टर ठेवायला लागलो होतो. तारीख, वेळ, गळालेल्या फ्रेम, शेरा. जुनी सवय. तीन आठवड्यांनी चिरंजीवांनी ते चाळलं आणि एका पानावर थांबले.

"बाबा, हे दोन गुरुवार शून्य टक्के आहेत."

"मी दुर्गला भजनाला गेलो होतो."

"आणि हा रविवार?"

"राजनांदगावला. लग्न होतं."

चिरंजीवांनी रजिस्टर मिटलं. "बाबा, राग मानू नका. तुम्ही घरात नसलात की बिटरेट चांगला असतो."

"माझं बीपीपण," स्वयंपाकघरातून आवाज आला.

माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात. पण आकड्याशी भांडायचं नाही हे मी शिकलो होतो. केरळी साहेबांनी चाचणीची पद्धत आखली. पहिल्या रात्री मला बंगाली बाबूंच्या व्हरांड्यात बसवलं. चौकोन हिरवा. घरात बोलावलं, पाच मिनिटांत लाल. पुन्हा बाहेर काढलं, हिरवा. गल्लीतली पोरं जमली. एकाने विचारलं, अंकल के अंदर करंट है क्या? बंगाली बाबू हळूच म्हणाले, "अर्थिंग." तिसऱ्यांदा बाहेर निघताना केरळी साहेब म्हणाले, "या वेळी फोन आत ठेवून जा."

मी बाहेर, फोन आत. चौकोन लाल.

म्हणजे मी निर्दोष होतो. माझी पंचवीस हजारांची वस्तू गुन्हा करत होती. रात्री नऊच्या बातम्या सुरू झाल्या, की मी फोन चार्जिंगला लावतो. चार्जिंग आणि वाय-फाय दोन्ही मिळालं, की तो दिवसभराची आणि मागची सगळी थकबाकी वर ढगात पाठवायला बसतो. त्या पायवाटेवर चिरंजीवांचे अडीच आणि माझ्या फोनचे मिळतील तेवढे, असा रोज रात्री हुतूतू चालला होता. उघडून पाहिलं : अकरा हजार चारशे फोटो आणि व्हिडिओ बाकी. काय होतं त्यात? गुलाबासह सुप्रभात. कळशीसह सुप्रभात. भाच्याच्या वास्तुशांतीचा सत्तेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ, त्यातली पहिली नऊ मिनिटं माझ्या खिशातून. आणि मैत्री बागेतला पांढरा वाघ, झोपलेला, बारा मिनिटं. तो एकदाही हलला नव्हता.

चिरंजीव म्हणाले, "हा गेमर असता तर बिटरेटचा प्रश्नच नव्हता."

केबलवाल्याच्या पोराची मी दोन दिवस वाट पाहिली, भेटला तर माफी मागू म्हणून. मग वाटलं, नको. उगाच कमिटीचा अपमान.

फोनचं ते कलम मी बंद केलं. चौकोन हिरवा झाला तो झालाच. पाच रात्री शून्य टक्के. गवताचं पातं न् पातं मोजून घ्यावं असं चित्र. कमिटी विसर्जित झाली. बंगाली बाबू संध्याकाळी उगाच फाटकापाशी येऊन "सब ठीक?" विचारायचे आणि ठीक ऐकून उदास परत जायचे. पोहे बंद झाले. आणि प्रेक्षक सातावरून चारावर आले. ते अनोळखी तिघे गेले.

तपासाची खाज जात नाही. मी चिरंजीवांना म्हटलं, जुने आकडे काढ. सगळ्यात जास्त माणसं कुठल्या रात्री होती? त्यांनी काढले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ती पहिली रात्र. चित्र गोठलेलं, चौकोन लालभडक. पण रस्ता तुंबला तरी कॉम्प्युटर चित्रं टाकतो, आवाज टाकत नाही. आवाजाला जागा लागते ती किती, दीडशे केबीपीएस. त्यामुळे सात जणांसमोर सुरू झालेली आमची बीटची चर्चा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वच्छ गेली होती, आणि नंतर एकेचाळीस जणांनी ती पुन्हा ऐकली होती. खाली कोणीतरी लिहिलं होतं : "अंकल-आंटी फिर कब आएँगे?"

परवा सोमवारी सव्वानऊला चिरंजीव दारात येऊन उभे राहिले. हेडफोन गळ्यात, नजर जमिनीवर.

"आई, तू काल सुपेल्याला गेली होतीस ना?"

"हो. काहून?"

"नाही, म्हणजे... लोक विचारून राहिले."

मी उठलो. बनियनवर शर्ट घातला. फक्त आवाज जातो हे माहीत होतं, तरी घातला. दार सताड उघडं होतंच. हिने ओट्यापाशी घसा खाकरला, पदर सारखा केला आणि एरवीपेक्षा जरा वरच्या पट्टीत म्हणाली, "पन्नास! अन् तेही पानासकट तोलून!"

"पन्नास?" मी म्हणालो. "दुर्गला..."

पंधरा सेकंदांनी पडद्यावर आत्याबाई आल्या : "इकडे तीस. जेवलास का रे?"